कोहा: मोफत प्रणाली, पण हात शिकलेले हवेत

कोहा म्हणजे ग्रंथालयाचं काम संगणकावर सांभाळणारी प्रणाली. परवान्याचा खर्च शून्य, डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रकारांवर चालते. दादर-गिरगावच्या मराठी ग्रंथालयांना कोहा जरूर सुचवेन, मात्र नोंदी करणारी व्यक्ती बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेली असावी.

कारण खरं काम मार्कच्या, म्हणजे पुस्तकांच्या संगणकीय नोंदींच्या ठरलेल्या साच्याच्या, क्रमांकित रकान्यांत आहे. १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ०८२ मध्ये ड्यूई वर्गांक (विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवणारा क्रमांक), ९५२ मध्ये प्रतीचा बारकोड. मराठी कादंबरी ८९१.४६३ ला जाते. हे ठाऊक नसेल तर ती भलत्याच कपाटात जाते आणि वाचकाला सापडत नाही. झेड३९.५० या ग्रंथालयांमधल्या नोंदी शोधून आणण्याच्या प्रमाणित पद्धतीने परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी आयत्या मिळतात, पण मराठी शीर्षकं बहुतेकदा रोमन लिपीत येतात. ती हाताने देवनागरीत करा. कोहाचा शोध चालवणाऱ्या झेब्राच्या अनुक्रमणिकेत आयसीयू (युनिकोड लिप्या हाताळणारी सोय) चालू केलं नाही, तर देवनागरी शोध फसतो. जुन्या फॉन्टमधली यादी आधी युनिकोडमध्ये न्या, नाहीतर अक्षरांचा नुसता चिवडा उतरतो.

पावसाळ्यात बारकोडची लेबलं सुटतात. वर पारदर्शक पट्टी लावा. बॅकअप रोज, दुसऱ्या डिस्कवर.

महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी एम.लिब.ला ५५ टक्के आणि साधारणपणे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. त्या तयारीतल्यांनी कोहा आपल्याच लॅपटॉपवर बसवून शंभरेक पुस्तकांच्या नोंदी कराव्यात.