ठरलेला डेस्कटॉप की निवडीचा?
नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या अभ्यासिकेत जुन्या संगणकांवर लिनक्स (विंडोजसारखी, पण मोफत संगणकप्रणाली) टाकायचं ठरलं, की पहिला वाद रूपावरूनच, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीवरूनच होतो.

उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार एकच चेहरा देतो. 2011 मध्ये 11.04 या आवृत्तीसोबत युनिटी नावाचं रूप आलं, 2017 मध्ये 17.10 पासून ग्नोम नावाचं. आवडो न आवडो, शिकवणाऱ्याचं काम हलकं होतं. ‘डावीकडच्या पट्टीत बघा’ म्हटलं की सगळ्यांना तिथंच सापडतं. कोणी फोनवर अडचण सांगितली तरी समोर काय दिसत असेल ते आपल्याला ठाऊक असतं.

डेबियन या दुसऱ्या प्रकाराचा इन्स्टॉलर अशा रूपांची यादीच पुढे करतो: ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, सिनॅमन, मेट. रॅम कमी असेल तर हलकं एक्सएफसीई घेता येतं, हे फार मोलाचं. पण तिथं नुसती नावं दिसतात, चित्र एकही नाही. नवख्या पोरानं कशावरून ठरवायचं? झोरिन या तिसऱ्या प्रकारात मांडणीची चित्रं दिसतात, क्लिक केलं की पडदा बदलतो. निवड द्यायची तर अशी द्यावी.

अभ्यासिकेत यंत्र रोज वेगळ्याच्या हाती जातं, तिथं मी ठरलेलंच रूप ठेवीन. घरच्या लॅपटॉपवर मात्र ज्याचं त्याला निवडू द्यावं, आणि तेही आठवडाभर वापरून झाल्यावर विचारावं.