महावितरणचे अ‍ॅप : वीजबिल वेळेत आणि समजून भरण्यासाठी

घरखर्चात सोसायटीचा देखभाल खर्च, पाणीपट्टी, इंटरनेट यांचे आकडे बहुधा ठरलेले असतात. वीजबिल मात्र ऋतूप्रमाणे आणि घरातल्यांच्या सवयींप्रमाणे कमीजास्त होते, आणि महिन्याचे गणित बहुतेक वेळा तिथेच विस्कटते. महावितरणचे ग्राहकांसाठी असलेले मोबाइल अ‍ॅप मी आमच्या घरासाठी आणि गावी राहणाऱ्या सासूबाईंच्या घरासाठी वापरते. एकाच खात्यात दोन्ही जोडण्यांचे बारा अंकी ग्राहक क्रमांक नोंदवता येत असल्यामुळे त्यांना बिल भरायला रांगेत उभे राहावे लागत नाही, आणि त्यांचे बिल कधी आले, किती आले, भरले गेले की नाही, हे मला इथे बसून कळते. केवळ एवढ्या सोयीसाठीही हे अ‍ॅप ठेवावे, असे माझे मत आहे.

बिल भरण्याची सोय आता कोणत्याही यूपीआय अ‍ॅपवर आहे, तरीही बिल मुळातून पाहण्यासाठी महावितरणचेच अ‍ॅप उघडावे. बिलावर एक नव्हे तर तीन रकमा असतात : लवकर भरल्यास लागणारी, देय दिनांकापर्यंतची आणि त्यानंतरची. देयकाच्या तारखेपासून सात दिवसांत पैसे भरल्यास कर व शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते, आणि मुदत टळल्यास सव्वा टक्का विलंब आकार लागतो. रक्कम लहान वाटते, परंतु ‘शेवटच्या तारखेला भरू’ या सवयीमुळे ती दरमहा विनाकारण हातची जाते. छापील बिल बंद करून ‘गो ग्रीन’ योजनेत नोंद केल्यास प्रत्येक बिलामागे 10 रुपयांच्या हिशेबाने वर्षाला 120 रुपये वाचतात. नोंदणीसाठी लागणारा जीजीएन (गो ग्रीन) क्रमांक छापील बिलावरच दिलेला असतो. मात्र ज्या वडीलधाऱ्यांना कागद हातात असल्याशिवाय हिशेब पटत नाही, त्यांनी त्या दहा रुपयांसाठी कागद सोडू नये, असे मला मनापासून वाटते.

अ‍ॅपमधील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे मागील महिन्यांच्या वापराची नोंद. बिलाची रक्कम दरवाढीमुळेही वाढते, त्यामुळे तुलना करायची ती युनिटची, आणि तीही मागच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मे महिन्याची बरोबरी मेशी केली तरच काही समजते. घरगुती दराचे टप्पे 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. शंभरी ओलांडली की सगळेच युनिट महाग होतात, असा एक समज अनेक घरांत आहे. वस्तुतः वाढीव दर फक्त शंभराच्या वरच्या युनिटना लागतो. वापरलेल्या युनिटच्या वीज आकारासोबत स्थिर आकार (वापर कितीही असो, लागणारा), वहन आकार (वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा), कधी इंधन समायोजन आकार (इंधनाच्या बदलत्या खर्चाचा) आणि 16 टक्के वीज शुल्क मिळून अंतिम रक्कम होते, हे एकदा ओळीओळीने वाचले की बिलाची धास्ती बरीच ओसरते.

याच नोंदी पाहताना आपल्या घरात कशाला किती लागते, याचा मी हिशेब मांडला. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात ते संपवतो, आणि मुलगी ज्या नऊ वॉटच्या दिव्याखाली रोज संध्याकाळी चार तास अभ्यास करते, त्या दिव्याला तेवढेच एक युनिट जवळजवळ महिनाभर पुरते. हे कळल्यापासून माझ्या मनात त्या दिव्याविषयी खरोखर कृतज्ञता आहे, आणि गीझर चालू ठेवून विसरणाऱ्यांना दोन शब्द सुनावण्याचे बळही मला त्यातूनच मिळाले. जुना 75 वॉटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिट घेतो. नवा 30 वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा त्याच कामासाठी सुमारे 11 युनिट घेतो. म्हणून काटकसर करायची ती दिव्यांवर न करता गीझर आणि पंख्यांवर करावी. मुलांच्या खोलीतला दिवा घालवत फिरण्याने फारसे काही हाती लागत नाही.

साधे मीटर असलेल्या ग्राहकांना मोबाइलवर निरोप आल्यावर ठरलेल्या मुदतीत मीटरचे रीडिंग अ‍ॅपवरून स्वतः पाठवता येते. घराला कुलूप असल्यास सरासरीने बिल येण्याची जी शक्यता असते ती यामुळे टळते, आणि महिन्यातून एकदा मीटरसमोर उभे राहिल्याने आकडे आपल्या ओळखीचे होतात. स्मार्ट मीटर बसलेल्या घरांत रीडिंग आपोआप जात असल्याने ही सोय लागत नाही.

उणिवाही आहेत. हे अ‍ॅप केवळ विजेचा हिशेब ठेवते, त्यामुळे गॅस, पाणीपट्टी आणि देखभाल खर्चासाठी वेगळी वही ठेवावीच लागते. बिलातील संज्ञा सामान्य माणसाला सहज कळतील अशा भाषेत समजावून दिलेल्या नाहीत. प्रत्येक आकारापुढे एका वाक्याचे स्पष्टीकरण असते तर अनेकांचे शंकानिरसन जागच्या जागी झाले असते. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा यांची वीज घेणाऱ्यांना या अ‍ॅपचा उपयोग नाही. भांडुप आणि मुलुंडमध्ये महावितरणची वीज असल्याने तिथल्यांना मात्र आहे. ज्यांच्या आईवडिलांचे घर गावी आहे आणि नोकरी शहरात, त्यांनी दोन्ही क्रमांक आजच जोडून घ्यावेत आणि बिल आल्याचा निरोप दिसला की त्याच आठवड्यात पैसे भरून मोकळे व्हावे.