मोशीतली सात महिन्यांची खोली

मोशी हे टांझानियातलं, किलीमांजारोच्या पायथ्याचं गाव. डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी तिथे राहायच्या जागा चिक्कार. मी मात्र गेले होते गावाच्या दक्षिणेला, उसाच्या पट्ट्यात. तिथल्या साखर कारखान्यात आमच्या पुण्याच्या कंपनीची यंत्रं चालू करून द्यायची होती. कंपनी रोजचा भत्ता देते, त्यातून उरेल ते आपलं. त्यामुळे खोली स्वस्त हवी होती, आणि एकटी बाई म्हटल्यावर दाराला धड कडीही हवी होती.

पहिल्याच दिवशी शब्दाने फसवलं. स्टँडवर ‘होतेली’ कुठे म्हणून विचारलं तर पोरगा मला उगालीच्या (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खानावळीत घेऊन गेला. स्वाहिलीत होतेली म्हणजे खायची जागा. हसू आलं, कारण आपणही हॉटेलात जातो ते मिसळ खायलाच. राहायचं असेल तर ‘गेस्टी’ विचारायची, आणि संडास-बाथरूम खोलीतच हवं असेल तर ‘सेल्फ’ म्हणायचं.

स्टँडजवळच्या गेस्टीत तीन रात्री काढल्या. रात्रीचे १५,००० शिलिंग, म्हणजे साधारण पाचशे रुपये. खाली बार होता, तिथली गाणी दोनपर्यंत चालायची. दुसऱ्या रात्री कुणीतरी माझ्या दाराची मूठ फिरवली. खोली चुकला असेल बिचारा, पण कडीचे दोन स्क्रू ढिले असताना एवढा उदारपणा सुचत नाही. खुर्ची आणि बॅग दाराला लावून सकाळ होईपर्यंत बसून राहिले.

कारखान्यातल्या बाईंनी शँटी टाउनकडे बघ म्हणून सुचवलं होतं. नाव ऐकूनच मी मान हलवली, झोपडपट्टीत कोण जाणार! प्रत्यक्षात तो गावातला सगळ्यात सावलीचा, बंगल्यांचा भाग निघाला. पण तिथलं भाडं झेपेना. शेवटी चर्चच्या सिस्टर (नन) चालवतात त्या एका अतिथिगृहात खोली मिळाली. रोजचे ३०,००० सांगत होते. मार्च ते मे ‘मसिका’, म्हणजे मोठा पाऊस. ढगांत डोंगर दिसत नाही आणि पर्यटकही रोडावतात. मार्चच्या शेवटी बसून महिन्याचा हिशेब केला तेव्हा रोजच्या १८,००० वर आले. घासाघीस तेव्हाच करावी, जूननंतर कुणी ऐकत नाही.

तिथे भिंत होती, फाटक होतं आणि फाटकावर म्हातारा अस्कारी, म्हणजे रखवालदार होता. माझ्या मते सगळी सुरक्षितता त्या माणसात होती. फाटक ‘सा न्ने’ला बंद होतं, असं त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. न्ने म्हणजे चार. पहाटे चारपर्यंत उघडं? मला वाटलं, काय मोकळी माणसं! स्वाहिली घड्याळात दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, रात्रीचे चार म्हणजे आपले दहा, हे मला साडेदहाला कुलूप वाजवताना कळलं. त्याने उघडलं, पण आठवडाभर मला बघितलं की चार बोटं दाखवायचा. नंतर कामावरून उशीर होणार असला की मी आधीच सांगून ठेवायचे. मग तो फाटकाबाहेर उभा राहून बजाजी आत वळेपर्यंत वाट बघायचा. (बजाजी म्हणजे आपली रिक्षा, पुण्याच्या कंपनीच्या नावावरून. रात्री बोडाबोडापेक्षा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलपेक्षा हीच बरी.)

सगळं छान होतं असं नाही. मच्छरदाणीला भोकं होती, ती मी स्वतः शिवली. मलेरियाच्या मुलखात सुईदोरा विसरू नका. वीज प्रीपेड, त्याला ‘लुकू’ म्हणतात. मीटर संपला की अंधार, आणि आकडे घालून रिचार्ज करणाऱ्या सिस्टर नेमक्या प्रार्थनेला गेलेल्या. चहाही स्वतः करता यायचा नाही, स्वयंपाकघर बंदच. याचा मला खरंच त्रास झाला.

खोली घेताना मागची मागा. पुढच्या खोल्यांखाली पाण्याचा पंप आहे, तो पहाटेच सुरू होतो. पण किलीमांजारो पुढच्या खिडकीतूनच दिसतो, त्यामुळे मी सात महिने पंप ऐकला.