बायकर्ससाठीची कॅम्पसाइट: तीन रात्री, दोन पावसाच्या, आणि स्टँड एकदाही रुतला नाही

तीन रात्री राहिलो, त्यातल्या दोन रात्री धो धो पाऊस, आणि माझ्या गाडीचा साइड स्टँड एकदाही जमिनीत रुतला नाही. सामान लादलेली गाडी ओल्या गवतावर लावून शेजारी तंबूत झोपायचा प्रयत्न ज्यांनी केलाय त्यांना एवढं वाक्य पुरे आहे, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो.

माझी गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. नुसती गाडीच १९९ किलो, त्यावर दोन पॅनियर (मागच्या बाजूंना लावायच्या सामानाच्या पेट्या), मागे तंबू आणि स्लीपिंग बॅगचं गाठोडं, टँक बॅग, म्हणजे २३० च्या पुढे गेलीच. स्टँडवर यातला थोडाच भार येतो पण तो येतो दोन-तीन बोटांएवढ्या लोखंडावर, आणि भिजलेली माती त्याला किती वेळ धरून ठेवणार. याआधीच्या टूरला एका दुसऱ्या कॅम्पसाइटवर (नाव घेत नाही) रात्री दोनच्या सुमारास धप्प असा आवाज आला, टॉर्च घेऊन बाहेर येतो तर गाडी डाव्या अंगावर पडलेली आणि क्लच लिव्हर मधोमध तुटलेला. तंबूपासून जेमतेम दीड हात लांब पडली होती. त्या रात्रीनंतर मी कुठेही उतरलो की आधी जमीन बघतो, मग बाकीचं.

इथे पोचलो तेव्हा अंधार पडून तास-दीड तास झाला होता, पाऊस चालू, व्हायझरवर धुकं, ग्लोव्ह्ज चिंब. फाटक लगेच सापडलं कारण दोन्ही खांबांवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आहेत आणि हेडलाइट पडला की लांबूनच चमकतात, साधी गोष्ट आहे पण थकलेल्या माणसाला वळण चुकून अरुंद रस्त्यावर २३० किलोची गाडी मागे ढकलायला लागणं काय असतं ते विचारू नका. बहुतेक मोटरसायकलला रिव्हर्स गिअर नसतो हे कार चालवणाऱ्यांनी बांधलेल्या कॅम्पसाइटवर कुणाच्या लक्षातच येत नाही. इथे आतला रस्ता एकेरी गोल आहे, एका बाजूने शिरायचं, आपल्या जागेसमोर थांबायचं, निघताना तसंच पुढे. तीन दिवसांत एकदाही गाडी मागे ओढावी लागली नाही.

मालक छत्री न घेता तसेच रेनकोटवर समोर आले आणि पहिलं वाक्य काय, तर "दादा, आधी हा तुकडा घ्या." हातात तळहाताएवढी जाड फळी, तिला भोक पाडून दोरी ओवलेली. स्टँडखाली टाकायची, दोरीचं दुसरं टोक हँडलला अडकवायचं, सकाळी गाडीवर बसून स्टँड वर केला की दोरी ओढून फळी हातात, खाली वाकायला नको. मी स्वतः इतकी वर्षं चपटा केलेला डबा वापरत होतो आणि दर चार दिवसांनी कुठेतरी विसरून यायचो. दोरीची आयडिया एवढी सोपी असून मला कधी सुचली नव्हती याचं खरंच आश्चर्य वाटलं.

फळीची तशी गरज पण नव्हती म्हणा. प्रत्येक जागेला गाडीसाठी वेगळा पट्टा आहे, खाली प्लॅस्टिकची जाळी अंथरून तिच्या खणांमध्ये बारीक खडी भरलीय, आणि तो तंबूच्या अगदी शेजारी. दूर कुठेतरी पार्किंग आणि तिथून सामान वाहून आणा असला प्रकार नाही. तंबूची चेन उघडली की गाडी समोर दिसते. पट्ट्याच्या टोकाला काँक्रीटमध्ये लोखंडी कडी पुरलीय, साखळी घालून कुलूप लावायला. ज्याचं अख्खं घर दोन पॅनियरमध्ये आहे त्याला झोप लागते ती असल्या गोष्टींमुळे.

खडीबद्दल जरा जास्त लिहितो कारण इथेच बहुतेक लोक चुकतात. फोडलेली, कोपरे असलेली खडी एकमेकांत अडकून बसते. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला सुंदर पण टायरखाली आणि बुटाखाली खेळातल्या गोट्यांसारखे घरंगळतात, आणि गाडी थांबवताना पाय टेकला नेमका तिथे की संपलं, कारण वजनदार गाडी एका ठरावीक कोनापलीकडे कलली की कुणाच्या बापाला सावरत नाही. दुर्दैवाने याच कॅम्पसाइटच्या बाहेरचा शेवटचा तुकडा, फाटकाच्या आधीचा, तशाच गोल गोट्यांचा आहे आणि वर चढ. दुसऱ्या संध्याकाळी माझ्यासमोर एक जण त्यावर पडला, लागलं काही नाही पण पॅनियर चेपला. मालकांना सांगितलं तर म्हणाले तो तुकडा आमच्या हद्दीत नाही, परवानगी मागितलीय. बरं, पण तोपर्यंत फाटकाच्या आधी एक पाटी तरी लावा, "गोटे आहेत, पहिल्या गिअरमध्ये सरळ या, मध्ये थांबू नका" एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

उताराचा विचार पण केलेला दिसतो. जमीन एकदम सपाट ठेवली तर पाणी साचतं, फार उतार दिला तर गाडी उभी राहत नाही. इथे उतार इतका हलका आहे की डोळ्याला कळत नाही पण पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात पट्टे कोरडे. शिवाय गाडी चढाकडे तोंड करून लागेल असेच पट्टे आखलेत. उताराकडे तोंड केलं आणि गाडी जराशी पुढे सरकली की साइड स्टँड दुमडतो, चढाकडे तोंड आणि पहिला गिअर असला की ती हलत नाही. आडव्या उताराचं पण तसंच, स्टँड डावीकडे असतो त्यामुळे डावी बाजू उंच असली तर गाडी नीट कलतच नाही, जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या एका झोताने उजवीकडे जाते. मालकांनी सांगितलं की आखणी करायच्या आधी ते स्वतःची गाडी पूर्ण लादून प्रत्येक जागेवर लावून बघत होते, कोरड्यात एकदा आणि पावसानंतर परत एकदा. कॅम्पसाइट काढायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं, नकाशावर रेघा मारून ही गोष्ट कळत नाही.

आता ड्रायिंग रूम. याच्यासाठी मी परत जाईन. छोटी खोली आहे, एका भिंतीला रुंद खांद्यांचे हँगर, कारण आर्मर (पडल्यावर लागू नये म्हणून आत बसवलेले जाड पॅड) असलेलं भिजलेलं रायडिंग जॅकेट साध्या हँगरवर टिकतच नाही, दुसऱ्या भिंतीला बूट उलटे अडकवायला तिरक्या खुंट्या, आणि ग्लोव्ह्जसाठी एका आडव्या पाइपवर बारीक नळ्या उभ्या केल्यात ज्यातून कोमट हवा थेट बोटांत जाते. ग्लोव्ह्ज बाहेरून सुकलेत असं वाटतं आणि सकाळी हात घातला की बोटांची टोकं गार ओली, हा अनुभव सगळ्यांना आहे. इथे सकाळी हात घातला आणि कोरडं. मी दोनदा काढून परत घातले, इतकं बरं वाटलं.

नुसता हीटर लावून चालत नाही हे पण इथे बघायला मिळालं. गरम हवा ओलावा उचलते पण तो खोलीबाहेर गेलाच नाही तर थोड्या वेळाने हवा भरून जाते आणि कपडे तसेच राहतात, वर कुबट वास. इथे पंखा आहे, हवा बाहेर टाकणारा एग्झॉस्ट आहे आणि कोपऱ्यात हवेतला ओलावा शोषणारा डीह्युमिडिफायर, त्याची टाकी रात्रीतून भरते आणि कुणीतरी सकाळी ओतते. तापमान मुद्दाम कमी ठेवलंय कारण चामड्याचे बूट जास्त गरमीत कडक होतात, तडकतात. दारावर तसं लिहूनही ठेवलंय.

वर्कशॉपची शेड छोटी पण कामाची. काँक्रीटची सपाट जमीन, छप्पर, चांगला उजेड, कंप्रेसर, प्रेशर गेज, टायर लिव्हर, टायरची कड (बीड) रिमपासून सोडवायचं अवजार, स्पॅनरचे सेट, टॉर्क रेंच, आणि सेंटर स्टँड नसलेल्या गाड्यांसाठी चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड. हिमालयनला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब, त्यामुळे पंक्चर म्हणजे चाक काढणं आलं, ट्यूबलेसवाल्यांसारखं बाहेरून प्लग खुपसून पाच मिनिटांत मोकळं होता येत नाही. मला पंक्चर नव्हतं पण दिवसभर पावसात चालवलेली चेन साफ करायची होती. चेन कोमट असताना ल्यूब मारलं की ते आत शिरतं आणि रात्रभर बसतं, सकाळी निघताना मारलं तर निम्मं मागच्या रिमवर उडतं. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी हे करायला छप्पर असणं ही चैन नाही, गरज आहे. शेजारी बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसवाले एक काका बसले होते, त्यांच्या गाडीला शाफ्ट ड्राइव्ह, म्हणजे चाक दांड्याने फिरतं, चेन नाहीच, ते शांतपणे माझ्यासाठी टॉर्च धरून बसले आणि मागचं चाक फिरवत राहिले. तासभर गप्पा झाल्या, असल्या जागेत ओळखी होतात त्या शेडमध्येच, स्वागतकक्षात नाही.

वापरलेल्या ऑइलसाठी झाकणाचा ड्रम आहे, तेलकट चिंध्यांसाठी वेगळा पत्र्याचा डबा. चेन क्लीनर जमिनीवर सांडू नये म्हणून खाली ठेवायला ट्रे. हे सगळं न सांगता तिथे ठेवलेलं असतं, त्यामुळे लोक वापरतात. पाट्या लावून आणि ओरडून होत नाही ते एक ट्रे ठेवून होतं.

आवाजाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त पडला होता कारण बायकर्सची कॅम्पसाइट म्हटलं की रात्री अकराला कुणीतरी एग्झॉस्ट ऐकवणार असं गृहीत धरलेलं असतं. नियम असा की रात्री दहा ते सकाळी सात आत इंजिन चालू करायचं नाही, आणि ज्याला पहाटे निघायचंय त्याने आदल्या संध्याकाळीच गाडी फाटकाजवळच्या पट्ट्यावर आणून लावायची, तिथून सुरू करून थेट बाहेर. मी शेवटच्या दिवशी पहाटे पाचला असाच निघालो, कुणाचीही झोप मोडली नाही. तंबूच्या तोंडाशी गाडी गरम करत ठेवण्याने आवाजापेक्षा वाईट काय होत असेल तर तो धूर आत जातो. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही यावरही ते ठाम आहेत आणि ते बरोबरच आहे, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला कळत पण नाही. स्वयंपाकाला वेगळी शेड आहे, तीन बाजूंनी उघडी, टेबल-खुर्च्यांसकट. खुर्ची ही गोष्ट कारवाल्यांना सुचत नाही, ते घरून आणतात. मोटरसायकलवर खुर्ची कुठे बांधणार, दिवसभर सीटवर बसून आल्यावर पाठ टेकवून बसायला मिळणं म्हणजे काय सुख असतं सांगू.

बाथरूम स्वच्छ, पाणी कडक गरम, तक्रार एकच, आत हुक एक आणि सामान ठेवायला फळी नाही. रायडिंग गिअरमध्ये आलेल्या माणसाकडे जॅकेट, पँट, लायनर, बूट, हेल्मेट एवढं सगळं असतं, ओल्या फरशीवर हेल्मेट ठेवायला जीव होत नाही. प्रत्येक बाथरूममध्ये चार मजबूत हुक आणि बुडाखाली घ्यायला एक बाक टाका, खर्च असा कितीसा येणार.

चार्जिंगचं पण कमी पडतं. बारा जागा आणि सॉकेट चारच, तेही सगळे स्वयंपाकाच्या शेडमध्ये. फोन, हेल्मेटचा इंटरकॉम, कॅमेरा, पॉवर बँक असं प्रत्येकाकडे तीन-चार वस्तू असतात, त्यामुळे पहिल्या रात्री सगळेजण एकमेकांचं चार्जिंग संपायची वाट बघत बसले होते. कुलूप लावता येतील असे छोटे लॉकर आणि प्रत्येकात एक सॉकेट केलं तर माणूस फोन तिथे ठेवून निवांत आंघोळीला जाईल. हे सांगितल्यावर मालकिणबाईंनी वहीत लिहून घेतलं, आधीच्या लोकांनी सांगितलेलंही त्याच वहीत होतं आणि त्यातल्या बऱ्याच ओळींवर काट मारलेली दिसली, म्हणजे कामं होतात.

तंबूच्या जागेची जमीन कडक आहे. माझ्या पातळ ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन वाकल्या, मग त्यांनीच स्टीलच्या जाड खुंट्या आणि हातोडी दिली. तुमचा तंबू खुंट्यांशिवाय उभा राहणारा असेल तर प्रश्न नाही, टनेल टाइपचा, म्हणजे खुंट्यांनी ताणूनच उभा राहणारा असेल तर आल्या आल्या स्टीलच्या खुंट्या मागून घ्या, वाकवत बसू नका. जागा निवडायला मिळाली तर आतल्या बाजूच्या घ्या, ड्रायिंग रूम जवळ पडते आणि फाटकाचा उजेड तंबूवर येत नाही. अंधारात पोचणार असाल तर आधी फोन करा, ते टॉर्च घेऊन गोट्यांच्या तुकड्यापर्यंत येतात, माझ्यासाठी पण आले असते, मीच कळवलं नव्हतं.

निघताना फळी परत द्यायला गेलो तर म्हणाले राहू दे, पुढे लागेल. आता टँक बॅगच्या पुढच्या खणात आहे, दोरीसकट.