जुना लोखंडी कूलर, खसच्या ताट्या आणि सक्करदऱ्याचं एक छोटं दुकान

मार्च लागला की नागपुरात घरोघरी एकच चर्चा, यंदा एसी घ्यायचा का. आमच्या घरीही झाली, कारण कूलर जुना, टाकीला गंज लागलेला, मोटर घरघर करून राहिली होती आणि ताट्यांमधलं, म्हणजे कूलरच्या बाजूच्या जाळ्यांमधलं, गवत खाली बसून वरची अर्धी जाळी मोकळी दिसत होती. एसी नाही घेतला. सक्करदऱ्याकडे एक छोटं दुकान आहे, बोर्डही धड नाही, उन्हाळ्यात बाहेरच दोघं-तिघं ताट्या भरत बसलेले असतात, तिथे कूलर नेला आणि सगळं दुरुस्त करून घेतलं. मला ते काम खूपच आवडलं म्हणून एवढं लिहून राहिली.

आधी ताट्यांबद्दल, कारण खरा फरक तिथेच पडतो. साधं लाकडाचं गवत स्वस्त, पण एका सीझनमध्ये काळं पडतं, वास मारते. हनीकॉम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार पॅड, सध्या बरेच नवीन कूलरवाले देतात, ते टिकतं, पण आमच्या जुन्या लोखंडी जाळीत ते नीट बसत नाही. आम्ही खस म्हणजे आपला वाळा भरून घेतला. साध्या गवतापेक्षा महाग पडला, पण नीट वाळवून ठेवला तर पुढच्या वर्षीही चालतो, आणि शेवटी खराब झाला तरी झाडाची मुळंच आहेत ती, कुंड्यांमध्ये घालता येतात, कचऱ्यात प्लास्टिक जात नाही. पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो ना, सासूबाई हॉलमधून उठायलाच तयार नव्हत्या.

भरणारे भाऊ कसं करतात ते मी उभी राहून पाहिलं. जाळीची तार सोडली, जुनं गवत झटकून काढलं, जाळी ब्रशने घासली, मग ओली केलेली मुळं हाताने मोकळी करत आडवी-उभी पसरवत गेले आणि वरच्या भागात मुद्दाम जाड थर दिला. मी विचारलं काऊन, तर म्हणाले, "काकू, पाण्याने हे खाली बसते, वरून जागा झाली का तिथून गरम हवाच येते घरात." मग तारेने टाके घालून ताटी उन्हाकडे धरली आणि जिथून उजेड येत होता तिथे अजून मुळं खोचली. वरच्या पाण्याच्या पाइपची भोकं क्षारांनी बुजली होती, ती सुईने एकेक मोकळी करून दिली, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले.

मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, नवीन झालं, टाकीचा गंज घासून आतून डांबर मारलं. टाकीतलं पाणी वर चढवणारा छोटा टुल्लू पंप चांगला होता तर त्यांनीच सांगितलं, बदलू नका. नवीन विकायचा सोडून असं सांगणारा दुकानदार आजकाल कुठे भेटतो.

आता पैशाचं. दीड टनाचा साधा एसी चालू असताना 1500 वॅटच्या आसपास घेतो, आमचा कूलर पंप धरून 200 च्या आतबाहेर. रात्रीचे 10 तास धरा, कूलरचे 2 युनिट, आणि एसीचा कॉम्प्रेसर मधे मधे बंद होतो म्हटलं तरी 8 तरी होतातच. महिन्याला 180 युनिटचा फरक, आणि महावितरणचा 300 युनिटचा टप्पा ओलांडला की वरच्या युनिटचा दर एकदम वाढतो, म्हणून बिल नुसतं वाढत नाही, उडी मारते. मुलांच्या शाळेच्या फीचे दिवस पण तेव्हाच येतात.

थंडावा पुरतो का, तर नागपुरात पुरतो. इथली हवा कोरडी, पाणी पटकन उडते म्हणून कूलर चालतो, मुंबईच्या नणंदेला मी हा सल्ला देणार नाही. आपल्या गावाने 2013 च्या मेमध्ये 47.9 डिग्री पाहिलंय, तेव्हाही बहुतेक घरं कूलरवरच होती. फक्त समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत दमट होते आणि मग लोक कूलरलाच नावं ठेवतात. जूनमध्ये पाऊस लागला की पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा.

पाणी खूप लागतं हे खरं आहे. बरेच जण आरओचं वाया जाणारं पाणी टाकीत ओततात, पण त्यात क्षार जास्त, ताट्या पांढऱ्या पडून कडक होतात. ते पाणी पोछ्याला वापरा, कूलरला नळाचंच बरं. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात, यात आळस नको.

तक्रार एकच, वेळ. दोन दिवस सांगितले आणि आठवडा लावला, फोन केला की "आज होऊन राहिलं" एवढंच उत्तर. घरी येऊन नेत नाहीत, ऑटोत टाकून आपणच न्यायचा. नवतपा, म्हणजे मे संपतानाचे नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की मग तर नंबरच लागत नाही, म्हणून न्यायचा असेल तर होळीच्या आधी न्या, आणि ताट्या भरताना थोडा वेळ तिथे थांबा, वरच्या थराला खस कमी वाटली तर तिथेच सांगा, ते लगेच वाढवून देतात.