उंची डीलक्सची, किंमत व्हॉयेजरची: स्टुडिओ सिरीज 86 हॉट रॉड

हॅस्ब्रो आणि ताकारा टोमीचा हा हॉट रॉड (2021) म्हणजे 1986 च्या ट्रान्सफॉर्मर्स सिनेमावरचं, रोबोची गाडी होणारं खेळणं. तो व्हॉयेजर या महागड्या वर्गातला. डीलक्स या स्वस्त वर्गातल्या जॅझ या रोबोशेजारी उभा केला की प्रश्न पडतोच: जास्तीचे पैसे कशाचे? अमेरिकेत तेव्हा डीलक्स 20 डॉलरच्या आसपास होता, व्हॉयेजर 30 च्या. उंचीत मात्र फरक थोडासाच.

या खेळण्यांचं बजेट वर्गावरून आधीच ठरतं. प्लास्टिक, सुटे भाग, साचे, रंगाचे हात, शस्त्रं, सगळं त्याच रकमेत बसवायचं. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कात्री लागते. इथे कात्री उंचीला लागली आणि पैसा रोबोची गाडी करणाऱ्या घड्यांत, सांध्यांत गेला. शिवाय डोळ्यांवर उतरणारा व्हायझर, दोन बंदुका, गोल करवत आणि मॅट्रिक्स, म्हणजे सिनेमात रोबोंच्या नेत्याकडे असणारी शक्तीची वस्तू. आमच्या मते सौदा उत्तम आहे. उंचीच्या मागे लागलेल्या कितीतरी फिगरचे हात आतून पोकळ निघतात, ती याच बजेटची दुसरी बाजू.

खरी मेख रंगात असते. एका रंगाचे भाग शक्यतो एकाच साच्यात एकत्र ओततात. त्यामुळे गाडीची काच पारदर्शक हवी असली की तिला लागून असलेली चौकटही बहुतेक वेळा पारदर्शक प्लास्टिकचीच निघते आणि तिच्यावर बॉडीचा रंग चढवावा लागतो. असा रंग घासून उडतो. शिवाय हे प्लास्टिक वाकत नाही, थेट तडकतं. घडी करताना काचेला धरून ओढू नका, सांध्याजवळ धरा. भाग अडला तर हेअर ड्रायरने जरा कोमट करा. प्लास्टिकवर ताणाची पांढरी रेघ दिसली की तिथेच थांबा.

गोल डोक्याचा सांधा निखळला तर घाबरू नका, सरळ दाबून बसवा. सैल झाला असेल तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या आणि पूर्ण 24 तास वाळू द्या. ओला बसवलात तर चिकटून बसेल. पारदर्शक भागांना नेलपॉलिश अजिबात लावू नका, काच धुरकट होते. बंदुकीची 5 मिमी मूठ घट्ट जात असेल तर मूठच 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासा. जोर लावला तर पंजा उकलतो.

जुना घेताना विक्रेत्याकडे गाडीच्या रूपातला, काचेच्या कडांचा जवळून काढलेला फोटो मागा. तडे आधी तिथेच दिसतात.