आजी-आजोबा आणि दहावी-बारावीची पोरं एकत्र जेवायला: बुफे, पंगत की अंगतपंगत?

गल्लीतल्या ज्येष्ठांना आणि कॉलेजच्या उंबरठ्यावरच्या पोरांना एकत्र जेवायला बोलवायचं ठरलं, की सगळे आधी मेनूवर भांडतात. माझं म्हणणं, आधी वाढायचं कसं ते ठरवा. सांगलीच्या गावभागात आम्ही बुफेही केला आणि पंगतही.

बुफे सोयीचा, यात वाद नाही. आचाऱ्याला माणसं सांगितली की निम्मं काम झालं. पण एका हातात काठी असलेला माणूस ताट घेऊन रांगेत उभा कसा राहणार? सून ताट आणून देते, आजोबा भिंतीकडच्या खुर्चीत एकटे जेवतात आणि पोरं ताटं घेऊन जिन्यात जाऊन बसतात. आमच्याकडे हेच झालं. जेवण झालं, ओळख झाली नाही.

पंगतीत वाढणाऱ्याला वाकावं लागतं, विचारावं लागतं. "आजी, अजून थोडं?" "वाईच घाल बाळा." एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा अकरावीतला एक मुलगा भरल्या वांग्याचं पातेलं घेऊन तीनदा फिरला. तिसऱ्या फेरीला आजींनी त्याचा हात धरला, "तू आमच्या वाड्यातल्या तात्यांचा नातू ना रे?" मग पातेलं तिथंच राहिलं.

पण सगळी पोरं वाढायला लावू नका. ती मागनं आपापली जेवतात आणि पुन्हा दोन गट पडतात. निम्मी वाढतील, निम्मी एकाआड एक ज्येष्ठांशेजारी बसतील, भातानंतर अदलाबदल. पाट नकोत, गुडघ्यांचा विचार करा, टेबलंच लावा. अख्खा मसूर बेतानं तिखट आणि भाकरी गरम असली, की दात नसलेल्यांनाही ती आमटीत कुस्करून खाता येते.

अंगतपंगत वीसेक माणसांपर्यंत छान. ज्याचं पथ्य त्याच्या डब्यात. मात्र जो तो आपल्या घरच्यांभोवती बसतो, आणि स्वयंपाकाचा भार पुन्हा घरातल्या बाईवरच पडतो.

वेळेचं कुणी बोलत नाही, पण तीच अडते. पोरांचे क्लास रात्री आठला सुटतात आणि मधुमेहाच्या माणसाला तोवर उपाशी ठेवता येत नाही. रविवारी दुपारी साडेबारा ठेवा.

चाळीस-पन्नास माणसं आणि वाढायला दहा हात असतील तर पंगतच घ्या. हात कमी असतील तर बुफे, पण ज्येष्ठांना टेबलावर वाढून द्या.

बोलायला विषय शोधू नका. "पाणी तुमच्यात कुठवर आलतं?" एवढं विचारा. २००५चा पूर मोठ्यांच्या तोंडपाठ आहे. २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी ५७ फुटांपुढे गेली, तेव्हा ही पोरं प्राथमिक शाळेत होती. आमच्या टेबलावर एका आजोबांनी हात छातीपर्यंत नेला. शेजारचा मुलगा उभा राहिला आणि त्यानं डोक्याच्या वर हात धरला.